गच्चीवरील भाजीपाल्याची कार्यशाळा: साठ दिवसांची तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सोसायटीच्या गच्चीवर भाजीपाला पिकवायला शिकवणाऱ्या एक दिवसाच्या कार्यशाळांतून लोक हौसेने कुंडी घरी नेतात आणि महिन्याभरात ती कोपऱ्यात रिकामी पडते, हे मी वारंवार पाहिले आहे. शिकणाऱ्यांची हौस कमी पडते असे मला वाटत नाही. चूक आयोजनाच्या क्रमात असते. ओल्या कचऱ्याचे खत व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात, टोमॅटोचे रोप लावण्याजोगे व्हायला २५ ते ३० दिवस लागतात, आणि आपण मात्र साहित्य आदल्या संध्याकाळी विकत आणतो. मग सहभागींना कचऱ्याचा पहिला दिवस आणि खताचा शेवटचा दिवस एवढेच दिसते. दुर्गंधी, अळ्या आणि चिखल यांनी माणूस घाबरतो ते मधले दिवस त्यांना कोणी दाखवलेलेच नसतात.

म्हणून पुढील पद्धत दिवस उलटे मोजून मांडली आहे. ती पुण्यासारख्या हवामानात, ऑक्टोबरच्या मध्यावरील एखाद्या रविवारी, २० सहभागी आणि ४ मदतनीस धरून घ्यायच्या सुमारे चार तासांच्या कार्यशाळेसाठी आहे. त्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि टोमॅटो यांना हवा मानवते. सहभागी २० पेक्षा जास्त घेऊ नयेत. माझ्या पहिल्या कार्यशाळेत ४० जण होते आणि त्यांतल्या निम्म्यांचे हात मातीला लागलेच नाहीत.

## १. साठ दिवस आधी: खताच्या पाच बादल्या

झाकण असलेल्या, रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या घ्याव्यात. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्याच घ्याव्यात, कारण ऑइलपेंटच्या बादल्या कितीही धुतल्या तरी साफ होत नाहीत. बाजूंना चार-चार इंचांवर आणि तळाला सात-आठ ठिकाणी ५ ते ६ मिलिमीटरची भोके पाडावीत आणि खाली ताटली ठेवावी. त्यानंतरचा क्रम असा ठेवावा:

१. पहिली बादली ६० दिवस आधी भरावी. तळाशी तीन-चार इंच सुकी पाने घालून, चार-पाच घरांचा बारीक चिरलेला ओला कचरा गोळा करून ती दोन-तीन दिवसांतच पूर्ण भरावी. रोज थोडी थोडी भरली तर तिच्यात प्रत्येक वयाचा कचरा मिसळलेला राहतो आणि ‘साठ दिवसांचे खत’ म्हणून दाखवायला काहीच उरत नाही.
२. दुसरी बादली ३० दिवस आधी आणि तिसरी १५ दिवस आधी त्याच पद्धतीने भरावी.
३. चौथी बादली मुद्दाम बिघडवायची असते. ती १० दिवस आधी, सुकी पाने न घालता, फक्त ओल्या कचऱ्याने भरून झाकण घट्ट लावून ठेवावी. हिला भोके पाडू नयेत.
४. पाचवी बादली रिकामी ठेवावी. ती कार्यशाळेत सर्वांसमोर भरायची आहे.

प्रमाण आकारमानाने मोजावे: एक भाग ओला कचरा, दोन ते तीन भाग सुकी पाने. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त असते, पानांत कर्ब जास्त असतो. कर्ब आणि नत्र साधारण ३० ला १ या प्रमाणात असले की कुजणे नीट चालते, आणि पानांमधल्या पोकळीतून हवा खेळते. विरजण म्हणून जुन्या खताची मूठभर भर किंवा वाटीभर आंबट ताक पुरते. बादली दर चार-पाच दिवसांनी खालवर करावी. दूध, मांस, मासे आणि तेलकट रस्से नवशिक्यांच्या बादलीत घालू नयेत.

प्रत्येक झाकणावर भरल्याची तारीख लिहावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण दोन महिन्यांनी कोणती बादली कधीची हे कोणालाच आठवत नाही.

इशारा: ऑगस्टमध्ये सुकी पाने मिळत नाहीत. शहरातली मोठी पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तेव्हाच बारदानाच्या गोण्या भरून कोरड्या जागी ठेवाव्यात. ती वेळ हुकली असेल तर भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) किंवा साध्या लाकडाचा भुसा चालतो. प्लायवूडचा भुसा घेऊ नये, कारण त्यात डिंकाची रसायने असतात.

## २. जागा, परवानगी आणि वजन

गच्ची वापरण्याची परवानगी कार्यकारिणीकडून लेखी घ्यावी. पाणी कुठून मिळेल, लिफ्टमधून माती नेता येईल का आणि कार्यक्रमानंतर कुंड्या कुठे राहतील, या तिन्ही गोष्टी त्याच पत्रात स्पष्ट कराव्यात.

वजनाचा हिशेब मात्र सविस्तर समजून घ्यावा, कारण पुढे उत्साहाच्या भरात सहभागी हीच चूक स्वतःच्या इमारतीत करतात. जिथे लोकांची ये-जा असते अशा सपाट छतासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार (माणसे, सामान असे येते-जाते वजन) धरलेला असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल वाफा ओल्या मातीने भरला तर त्याचे वजन ५०० किलोच्या आसपास जाते. म्हणून गच्चीवर विटांचे वाफे बांधून त्यात शेतातली माती भरणे ही पद्धत शिकवूच नये. सहा इंच जाडीचे, बहुतांशी पालापाचोळा आणि खत असलेले मिश्रण त्याच क्षेत्रात साधारण १०० किलोपर्यंत राहते. तेही पिशव्यांत किंवा क्रेटमध्ये, तुळईच्या आणि भिंतींच्या रेषेवर, मधे मोकळी जागा सोडून ठेवावे. जुन्या इमारतीत कायमची बाग करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घेणे आवश्यक आहे.

तपासणी: गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून उतार कुठे आहे ते पाहावे. पाणी साचते तिथे कुंड्या ठेवू नयेत आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवतीची जागा नेहमी मोकळी ठेवावी. सर्व कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खालचे वॉटरप्रूफिंग कोरडे राहते.

## ३. पस्तीस ते पंचवीस दिवस आधी: रोपे

मिरची आणि वांग्याचे बी ३५ दिवस आधी आणि टोमॅटोचे २८ दिवस आधी ट्रेमध्ये पेरावे. गरजेच्या दीडपट रोपे करावीत, कारण काही मरतात आणि काही लांबट, दुबळी होतात. दुबळी रोपे फेकून देऊ नयेत. कमी उन्हात वाढलेले रोप कसे दिसते हे सांगण्यापेक्षा दोन्ही रोपे शेजारी ठेवून दाखवणे फार सोपे आहे.

त्याच दिवसांत रोप लावलेल्या एका कुंडीत मुद्दाम रोज भरपूर पाणी घालत राहावे. पाण्याचा धडा शिकवताना ती उपयोगी पडेल.

## ४. शेवटचा आठवडा: साहित्य मोजणे आणि खत तपासणे

प्रत्येक सहभागी ८ इंचांची एक लागवडीची पिशवी (ग्रो बॅग) स्वतःसाठी भरेल आणि पाच जणांचे प्रत्येक टेबल मिळून १२ इंचांची एक मोठी पिशवी सोसायटीसाठी भरेल. ८ इंची पिशवीला सुमारे ६ लिटर आणि १२ इंची पिशवीला सुमारे १८ लिटर मिश्रण लागते. म्हणजे १२० आणि ७२ मिळून १९२ लिटर. सांडलवंड धरून २२० लिटरची तयारी ठेवावी. त्यात निम्मे, म्हणजे ११० लिटर, खत असावे. ५५ लिटर चाळलेली माती आणि ५५ लिटर भिजवलेले कोकोपीट. ५ किलोची कोकोपीटची एक वीट भिजून ७० लिटरच्या आसपास फुगते, त्यामुळे एकच वीट पुरेशी होते. ती दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यावी, कारण पुष्कळदा तिच्यात क्षार असतात.

घरच्या बादल्यांतले खत एवढ्यांना पुरणार नाही, म्हणून उरलेले शेणखत किंवा गांडूळ खत विकत घ्यावे लागते. विकतचे खत पिकलेले आहे असे गृहीत धरू नये. सात दिवस आधी ही परीक्षा करावी: एका वाटीत ते खत आणि दुसऱ्या वाटीत साधी माती घेऊन प्रत्येकीत मेथीचे १० दाणे पेरावेत. पाच दिवसांनी खतातले आठ-नऊ दाणे उगवले आणि अंकुर हिरवेगार असले तर खत वापरावे. मातीत नऊ उगवले आणि खतात तीन-चारच उगवले तर खत कच्चे आहे. ते झाकून आणखी तीन आठवडे ठेवावे आणि दुसरे आणावे. ह्या दोन्ही वाट्या कार्यशाळेत टेबलावर मांडाव्यात.

याशिवाय खुरपी, चाळणी, घमेली, बारीक भोकांची झारी, हातमोजे आणि मास्क लागतात. सुक्या पानांचा चुरा आणि खताची धूळ दमेकऱ्यांना त्रास देते; त्यामुळे दोन्ही हाताळण्यापूर्वी पाण्याचा हबका मारावा.

जीवामृत दाखवायचे असेल तर ते तीन दिवस आधी करावे: १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत (रसायने न पडलेली, झाडाखालची) माती. सावलीत, फडक्याने झाकून ठेवावे आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळावे. ते मातीत घालायचे असते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर कधीही फवारू नये.

## ५. आदला दिवस

मेथी, पालक आणि मुळ्याचे बी वेगवेगळ्या वाट्यांत रात्री भिजवावे. धणे भिजवू नयेत, ते दुसऱ्या दिवशी सहभागींनी स्वतः रगडायचे आहेत. परतीचा पाऊस धरून ताडपत्री बांधावी, चार टेबले मांडावीत आणि प्रत्येकावर साहित्याचा पूर्ण संच ठेवावा.

सहभागींना एकच निरोप पाठवावा: झाकणाची रिकामी बादली आणि आपल्या घरचा कालचा ओला कचरा एका डब्यात घेऊन या. डबा आवश्यक आहे. स्वतःच्या घरात चहाचा चोथा किती, पाणीदार साले किती आणि शिळा भात किती हे माणसाला त्या डब्यामुळे प्रथमच दिसते.

## ६. कार्यशाळेचा दिवस

सकाळी आठला सुरुवात करावी, म्हणजे ऊन तापण्याआधी लावणीचे काम संपते. प्रास्ताविक १० मिनिटांत संपवावे. अनेक ठिकाणी गट फिरते ठेवतात, एक गट खताकडे तर दुसरा पेरणीकडे. मी त्याच्या विरोधात आहे. ज्या गटाची सुरुवात पेरणीने होते त्याच्या हातात भरलेली पिशवीच नसते, मग तो दुसऱ्याने भरलेल्या पिशवीत बी टाकतो आणि भरणे शिकायचे राहून जाते. चारही टेबलांनी एकाच वेळी एकच काम, एकाच क्रमाने करावे. मदतनिसाने साहित्य हातात द्यावे, मात्र काम स्वतः करून दाखवत बसू नये.

### पहिले काम: वास, मूठ आणि बादली (६० मिनिटे)

आधी बिघडवलेली बादली उघडावी. लोक मागे सरकतात. तळाशी काळसर पाणी असते, वर बुळबुळीत थर असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रत्येक टेबलावरून एक जण पुढे येऊन ओंजळीने सुकी पाने घालतो आणि काठीने खालवर करतो. पाणी पानांत शोषले जाते, थर मोकळा होतो आणि दहा मिनिटांत वासाची धार कमी झालेली सर्वांना जाणवते. वास पूर्ण जायला आणखी तीन-चार दिवस लागतात, हे तेव्हाच सांगावे. जिने ही बादली एकदा स्वतःच्या हाताने सुधारली ती व्यक्ती घरी वास आला म्हणून खत करणे सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

नंतर १५, ३० आणि ६० दिवसांच्या बादल्या याच क्रमाने ताडपत्रीवर पालथ्या कराव्यात. पंधरा दिवसांच्या बादलीत बहुधा जाड, करड्या अळ्या वळवळताना दिसतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. किळस वाटणाऱ्यांनी फक्त सुक्या पानांचा थर वाढवावा; कीटकनाशक मुळीच मारू नये.

पुढे प्रत्येकाने तीस दिवसांच्या बादलीतले मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबावे. बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाने घालावीत. मूठ उघडताच सगळे भुरभुरले तर पाण्याचा हबका मारावा. शेवटी प्रत्येकाने आपल्या डब्यातला कचरा चिरून, मोजून पानांसह आपल्या बादलीत भरावा आणि हीच मूठपरीक्षा पुन्हा करावी. रिकामी ठेवलेली पाचवी बादली मदतनिसाने त्याच वेळी समोर भरत राहावी.

इशारा: अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झाले आहे, सडका वास आला तर हवा कमी पडली आहे. दोन्हींवर पाने घालणे हाच उपाय आहे, पण दुसऱ्यात खालवर करणेही आवश्यक असते.

### दुसरे काम: मिश्रण करणे आणि पिशवी भरणे (४० मिनिटे)

१. खत, माती आणि कोकोपीट २:१:१ या प्रमाणात घमेल्याने मोजून ताडपत्रीवर एकत्र करावे.
२. मूठभर घेऊन दाबावे. गोळा व्हावा आणि बोटाने टोकताच फुटावा. न फुटणाऱ्या गोळ्यात माती जास्त झालेली असते.
३. पिशवीच्या भोकावर खापरीचा बाकदार तुकडा पालथा ठेवावा. तळाशी खडीचा थर देऊ नये. त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी थराच्या वर थबकून राहते आणि मुळांची जागा कमी होते.
४. १२ इंची पिशवीत तळाचा एक तृतीयांश भाग दाबलेल्या ओलसर पानांनी भरावा. ही पाने महिन्या-दोन महिन्यांत बसतात, त्यामुळे वरून खत घालण्याची सवय आजच सांगावी.
५. वर दीड इंच जागा सोडावी. काठोकाठ भरलेल्या पिशवीतले पाणी मातीसकट बाहेर वाहते.

### तिसरे काम: पेरणी (३० मिनिटे)

धणे कागदावर पसरून लाटण्याने अलगद रगडावेत. एका गोल धण्यात दोन बिया असतात. दाणा दोन भागांत उलगडला पाहिजे, त्याचे पीठ होता कामा नये. नवशिके इथे जोर जास्त लावतात, म्हणून प्रत्येकाचे दहा दाणे मदतनिसाने पाहावेत. अखंड धणे पेरणे आणि चौथ्या दिवशी ‘उगवले नाही’ म्हणून माती उकरणे, या दोन चुकांनी कोथिंबिरीच्या जितक्या पिशव्या वाया जातात तितक्या कोणत्याही किडीने जात नाहीत. कोथिंबिरीला उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, मेथीला ३ ते ५ आणि पालकाला ७ ते १०. हे आकडे पिशवीच्या पट्टीवर लिहून द्यावेत.

बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोलीवर पेरावे, वरून चाळलेले खत भुरभुरावे आणि झारीने पाणी द्यावे. मगने ओतलेल्या पाण्याने बी एका कडेला वाहून जाते.

### चौथे काम: रोप लावणे आणि पाणी समजून घेणे (४० मिनिटे)

रोप काढण्याआधी ट्रे ओला करावा आणि रोप खोडाला धरून ओढू नये, खालून ढकलून मातीच्या गड्ड्यासकट काढावे. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल लावता येतो, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. मिरची आणि वांगे ट्रेमध्ये होते त्याच उंचीवर लावावे. लावणी खरे तर संध्याकाळी करावी. सकाळी केल्यामुळे रोपांना दोन-तीन दिवस सावली द्यावी लागते, आणि हा अपवाद आपण कशासाठी केला हे सहभागींना सांगावे.

यानंतर महिनाभर जास्त पाणी दिलेली कुंडी उलटी करून मुळे दाखवावीत. ती तपकिरी, मऊ असतात आणि ओढली की साल निसटून हातात येते. शेजारी निरोगी रोपाची पांढरी मुळे ठेवावीत. मग नियम सांगावा: बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालायचे, टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी द्यायचे नाही.

इशारा: कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला अंड्यापासून डास व्हायला सात-आठ दिवसही पुरतात.

### पाचवे काम: कीड ओळखणे (२५ मिनिटे)

मावा आणि पिठ्या ढेकूण असलेल्या फांद्या बंद पिशवीतून आणाव्यात आणि भिंगातून दाखवाव्यात. फवारणीच्या मिश्रणात क्रम महत्त्वाचा आहे. नीमतेल थेट पाण्यात टाकले तर ते वर तरंगते आणि शेवटच्या फवाऱ्यात एकदम बाहेर पडून पाने जाळते. आधी अर्धा चमचा द्रवरूप साबण ५ मिलिलिटर नीमतेलात घोटावा, मग थोडे कोमट पाणी घालून दुधाळ करावे आणि शेवटी एक लिटर पाणी पूर्ण करावे. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी ते पाहावे. फवारणी संध्याकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूने करावी.

उरलेल्या वेळात प्रश्न घ्यावेत, हात साबणाने धुवावेत आणि मगच चहा द्यावा.

## ७. पुढचे सहा आठवडे

व्हॉट्सअ‍ॅप गट करावा, पण त्यात तीनच दिवशी सर्वांनी छायाचित्र टाकणे बंधनकारक ठेवावे: ७ व्या दिवशी पेरणीचे, २१ व्या दिवशी बादलीच्या आतल्या कचऱ्याचे आणि ४२ व्या दिवशी दोन्हींचे. शुभेच्छा आणि इतर संदेश यांसाठी तो गट वापरू नये, नाहीतर खरी अडचण विचारणाऱ्याचा प्रश्न त्यात हरवतो. सुधारलेल्या बादलीचे छायाचित्र आयोजकाने चौथ्या दिवशी स्वतः टाकावे.

ज्यांचे छायाचित्र २१ व्या दिवशी येत नाही त्यांना फोन करावा. बहुतेक वेळा बादलीत अळ्या दिसल्या आणि घरातल्यांनी ती बाहेर ठेवायला लावली, असेच उत्तर मिळते. अशा घरी मदतनिसाने एक पिशवी सुकी पाने घेऊन जावे.

सहा आठवड्यांनी त्याच गच्चीवर एक तासाची दुसरी बैठक घ्यावी. प्रत्येकाने डब्यात मूठभर स्वतःचे खत आणावे. सर्व डबे एका ओळीत मांडून मूठपरीक्षा करावी, ज्यांचे खत काळसर झाले आहे आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो त्यांनी ते मेथीच्या दहा दाण्यांच्या परीक्षेला लावावे, आणि ज्यांचे अजून कच्चे आहे त्यांच्या बादलीत पाने कमी पडली, पाणी जास्त झाले की खालवर करणे राहिले, हे त्यांच्या शेजारी बसून शोधावे. टेबलांवर भरलेल्या चार मोठ्या पिशव्यांतली पाने एव्हाना तीन-चार बोटे खाली बसलेली असतात. तयार खताची पहिली भर सर्वांनी मिळून तिथे घालावी.